शब्द सगळे शोधले, वाक्य मात्र हाती लागले नाही

पत्र : आदरणीय मॅडम, मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तांड्यावर राहते आणि तालुक्याच्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. घरी आम्ही गोरमाटी (बंजारा समाजाची भाषा) बोलतो; शाळा दहावीपर्यंत मराठी माध्यमाची झाली. वर्गात सर मराठीतून समजावतात तेव्हा सगळे कळते, पण घरी येऊन तेच इंग्रजी पुस्तक उघडले की एका पानाला दोन तास लागतात. मोठ्याने वाचायला सांगितले तर मी न अडखळता वाचते. प्रत्येक अवघड शब्दाचा अर्थ मोबाइलवर शोधून पेन्सिलीने वर लिहिते, तरीही पान संपल्यावर काय वाचले ते सांगता येत नाही. मैत्रिणी म्हणतात, गाईड पाठ कर आणि मोकळी हो. यवतमाळला स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे, पण त्याची फी बाबांना सांगायची हिंमत होत नाही. माझी बुद्धीच कमी आहे का? मी बी.ए.ला जावे का? परवा एका वाक्यावर अर्धा तास गेला. ते वाक्य आणि मी लावलेला अर्थ शेवटी लिहिला आहे. चुकले असेल तर माफ करा.

उत्तर : तुझ्या पत्रातील सर्वांत उपयोगाची गोष्ट तू शेवटी, माफी मागत जोडली आहेस, म्हणून मी तेथूनच सुरुवात करते. पुस्तकातील वाक्य असे आहे : ‘अनलेस अ रेफ्यूज इज प्लँटेड, द फ्यू इन्सेक्ट्स दॅट सर्व्हाइव्ह द टॉक्सिन मेट विथ वन अनदर, अँड रेझिस्टन्स स्प्रेड्स.’ त्याखाली तू लिहिले आहेस : ‘आश्रय लावला जात नाही तोपर्यंत काही कीटक विषापासून वाचतात आणि एकमेकांना भेटतात आणि विरोध पसरतो.’

या अर्थात तू एकही शब्द गाळलेला नाहीस, मनाने काही ठोकूनही दिलेले नाही, आणि तरी त्यातून काहीच बोध होत नाही. कारण पाहू. ‘अनलेस’ म्हणजे ‘जोपर्यंत नाही’ असे शाळेत पाठ करून घेतात. त्यातून वेळेचा भास होतो, पण येथे वेळेचा काही संबंध नाही. ‘रेफ्यूज लावला नाही, तर’ एवढाच त्याचा अर्थ आहे. ‘मेट’ हा शब्द देवनागरीत लिहिला तर दोन निरनिराळे इंग्रजी शब्द एकसारखेच दिसतात. एम-ई-टी म्हणजे भेटले, आणि एम-ए-टी-ई म्हणजे नर-मादीचा समागम. तुझ्या पुस्तकात दुसरा आहे. ‘रेझिस्टन्स’चा कोशातला पहिला अर्थ विरोध असला, तरी कीटकशास्त्रात तो प्रतिकारक्षमतेसाठी वापरतात. म्हणजे कोशाने तुला खोटे सांगितलेले नाही. त्याने पहिला अर्थ पुढे केला आणि तू तो घेतलास. ‘सोल्युशन’ म्हणजे उत्तर आणि द्रावण, ‘मीन’ म्हणजे अर्थ असणे आणि सरासरी, ‘यील्ड’ म्हणजे शरण जाणे आणि उत्पादन. विज्ञानाच्या पुस्तकात हे ओळखीचे वाटणारे शब्दच अनोळखी शब्दांपेक्षा जास्त फसवतात, कारण अनोळखी शब्दापाशी आपण निदान थांबतो.

आता ‘रेफ्यूज’कडे येऊ. त्याचा अर्थ तू ‘आश्रय’ असा लिहिलास आणि आश्रय लावायचा कसा, या विचारात अडकलीस. तुझे बाबा कपाशी पेरतात असे मी गृहीत धरते. तुझ्या भागात ते गृहीत धरायला हरकत नसावी. भारतात बीटी कपाशीला, म्हणजे जिच्या झाडातच बोंडअळीला मारणारे विष तयार होते अशा कपाशीला, २००२ साली परवानगी मिळाली, आणि त्यानंतर कित्येक वर्षे ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याचे एक वेगळे छोटे पाकीट मिळत असे. ते पराटीच्या कडेने, वावराच्या चहूबाजूंनी पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र यांपैकी जे जास्त असेल तेवढ्यात पेरावे, असा नियम होता. त्या पट्ट्यालाच ‘रेफ्यूज’ म्हणतात. तेथे विष नसल्यामुळे साध्या, विषाला बळी पडणाऱ्या अळ्या जगतात. बीटीच्या झाडावरही जगलेल्या मोजक्या अळ्यांचे पतंग या साध्या पतंगांशी जुळले, तर पुढच्या पिढीत प्रतिकारक्षमता सहजासहजी वाढत नाही. पट्टाच नसेल तर ते मोजके पतंग आपसांतच जुळतात आणि त्यांची विष पचवणारी संतती वाढत जाते. अनेकांनी ते पाकीट बांधावर टाकून दिले किंवा पेरलेच नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भात काय केले, ते तू लहान असलीस तरी घरात ऐकले असशील. त्यामागच्या कारणांपैकी हे एक मानले जाते.

आता ते वाक्य पुन्हा वाच. बहुधा ते एकदम सोपे वाटेल, आणि ते माझ्या शब्दार्थांमुळे नव्हे, तर त्या वाक्यातला विषय तुझ्या डोळ्यांसमोर उभा राहिल्यामुळे. तुझ्या घरात जे ज्ञान आधीच आहे ते इंग्रजी पान उघडताना बाहेर राहते, आणि तू कोरी होऊन वाचायला बसतेस. सातबाराचा कागद घे. त्यातील अक्षरे तुला बाबांपेक्षा भरभर वाचता येतील; पण ‘पोटखराबा’, ‘फेरफार’, ‘भोगवटादार वर्ग २’ यांचा अर्थ बाबांना कळेल, तुला कदाचित कळणार नाही. तो कागद तर मराठीत आहे. तेव्हा अक्षर लावता येणे वेगळे आणि मजकूर उमजणे वेगळे, एवढे तरी यातून मान्य कर आणि बुद्धीचा प्रश्न बाजूला ठेव. गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाची जी मांडणी केली, तीत अक्षर-उच्चार लावण्याची क्षमता आणि भाषेची समज यांचा गुणाकार होतो असे म्हटले आहे, बेरीज नव्हे. एक संख्या कितीही मोठी असली तरी दुसरी लहान असेल तर उत्तर लहानच येते. तुझी पहिली संख्या चांगली आहे. अडखळत नाहीस, असे तू स्वतःच सांगतेस.

दुसरी संख्या लहान का राहिली, याला तू जबाबदार नाहीस असे मी स्पष्टच सांगते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे तू बारा-तेरा वर्षे इंग्रजी शिकली आहेस. पण त्या तासांत काय होत असे ते आठव. शिक्षक एक ओळ वाचायचे, तिचे मराठी सांगायचे, मग पुढची ओळ. शेवटी फळ्यावर प्रश्नोत्तरे. तू इंग्रजी पाहत होतीस आणि मराठी ऐकत होतीस. परीक्षेतील उताऱ्याचे प्रश्नही असे, की त्यांना उत्तर द्यायला उतारा कळावाच लागत नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर हे वाक्य घे : ‘तिंबूने काल दोन मडग्या झिरवल्या.’ मडग्या कोणी झिरवल्या? तिंबूने. किती? दोन. कधी? काल. तीन गुण मिळाले. आणि मडगी म्हणजे काय हे तुलाही ठाऊक नाही आणि मलाही नाही, कारण तो शब्द मी आत्ताच बनवला. मी स्वतः अनेक वर्षे ग्रामीण महाविद्यालयांत इंग्रजी शिकवले आणि अशाच प्रश्नपत्रिका काढल्या, तेव्हा हा दोष मी दुसऱ्याच्या माथी मारू शकत नाही.

शिवाय तुझ्या बाबतीत इंग्रजी ही कागदावर तिसरी भाषा असली, तरी प्रत्यक्षात ती चौथी आहे : घरात गोरमाटी, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी. मेळघाटातील कोरकू मुलांची किंवा घाटंजीकडील कोलाम मुलांची गोष्टही फारशी निराळी नाही. इंग्रजी वाचन अडते तेव्हा ती अडचण वाचनाची असते की भाषेची, हा प्रश्न चार्ल्स आल्डरसन यांनी १९८४ मध्ये विचारला होता, आणि तो तुला स्वतःपुरता तपासता येईल. मराठी वृत्तपत्रातील एखादा अग्रलेख एकदा वाच, मिटव आणि चार वाक्यांत कोणाला तरी सांग. सांगता आला, तर तुझी अडचण बव्हंशी इंग्रजी भाषेची आहे, आणि पुढचे सगळे त्याच हिशेबाने लिहिले आहे. सांगता आला नाही, तर आधी महिनाभर मराठीच वाचावे लागेल. त्यातही लाज वाटण्यासारखे काही नाही. (मराठीतही अक्षरे उलटसुलट दिसत असतील किंवा डोके दुखत असेल, तर मात्र प्रथम डोळे तपासून घे.)

आता शब्दांचा हिशेब. हू आणि नेशन या दोन अभ्यासकांनी २००० साली दाखवले, की कोणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट कळायचा असेल तर त्यातील शंभर शब्दांपैकी सुमारे अठ्ठ्याण्णव वाचकाला आधीच माहीत असावे लागतात. तीनशे शब्दांच्या पानावर सहा शब्द अडले तर चालेल, पण तीस अडले तर ते पान वाचण्यासाठी राहत नाही, ते सोडवण्याचे कोडे होते. तू पेन्सिलीने वर लिहिलेले अर्थ एका पानावर मोज. मला वाटते ते तीसच्या आसपास निघतील. एका वाक्यात तीन वेळा मोबाइल हाती घेतला की वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात डोक्यातून गेलेली असते, कारण मन एका वेळी फार थोड्या गोष्टी धरून ठेवू शकते. दोन तास घालवूनही पान लक्षात राहत नाही ते यामुळे. मेहनत कमी पडली म्हणून नव्हे, चुकीच्या पानावर पडली म्हणून.

मग शिकायचे कोणते शब्द? येथे विज्ञानाचे विद्यार्थी हमखास चुकतात. ते ‘फोटोसिंथेसिस’ आणि ‘क्लोरोप्लास्ट’ यांच्या याद्या करतात, पण असे शब्द सर वर्गात समजावतात, परिभाषा कोशात सापडतात आणि आकृतीतही दिसतात. ते फारसे आड येत नाहीत. आड येतात ते ‘इंडिकेट’, ‘डिराइव्ह’, ‘कन्सिस्ट’, ‘अझ्यूम’ (गृहीत धरणे), ‘व्हेरी’ (बदलणे), ‘सिग्निफिकंट’ यांसारखे शब्द, जे बाजारातही बोलले जात नाहीत आणि वर्गातही कोणी समजावत नाही, कारण ते कोणत्याच विषयाचे नसतात आणि सगळ्याच विषयांत येतात. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी अशा ५७० शब्दकुलांची यादी २००० साली प्रसिद्ध केली. शब्दकुल म्हणजे ‘व्हेरी’, ‘व्हेरिएशन’, ‘व्हेरिएबल’ हे एकाच घरचे धरायचे. विद्यापीठीय पुस्तकांतील साधारण दहा टक्के शब्द या यादीतून येतात. ही यादी इंटरनेटवर फुकट मिळते. रोज पाच कुळे घेतलीस तरी चार महिन्यांत ती संपते. मात्र ती नुसती पाठ करू नकोस. प्रत्येक शब्दासमोर तुझ्या स्वतःच्या पुस्तकातील एक वाक्य लिही.

त्याआधी, म्हणजे उद्यापासूनच, एक काम कर. यासाठी फी लागत नाही. बालभारतीची दहावीची ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ची पुस्तके तू मराठीतून शिकली आहेस, आणि तीच पुस्तके इंग्रजी माध्यमासाठीही आहेत, दोन्ही बालभारतीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. दुसऱ्या भागाचा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. तो आधी मराठीत वाच, पुस्तक मिटव आणि मग त्याच धड्याचे इंग्रजी रूप वाचायला घे. विषय माहीत, क्रम माहीत, आकृत्या त्याच; अनोळखी आहे ती फक्त भाषा. दहावीचे पुस्तक पुन्हा वाचणे हा कमीपणा वाटेल, आणि मैत्रिणी हसतीलही. हसू देत. या पुस्तकात तुझे शंभरपैकी अठ्ठ्याण्णव नाही, तरी पंच्याण्णव शब्द बसतील, आणि वाचनाचा वेग अशाच पानांवर वाढतो. दहावी झाली की अकरावी-बारावीची पुस्तके घे आणि मगच बी.एस्सी.च्या पुस्तकावर ये. तोपर्यंत परीक्षा थांबणार नाही हे मला कळते, म्हणून बी.एस्सी.चा चालू धडाही सोडू नकोस. पण त्याचे रोज एकच पान घे, आणि ते उघडण्यापूर्वी त्या विषयावरील मराठी विश्वकोशातील नोंद वाच. विश्वकोशाचे खंडही संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. त्यांची भाषा जड आहे, हे मान्य. पण ‘प्रकाशसंश्लेषण’ म्हणजेच ‘फोटोसिंथेसिस’ हे एकदा जुळले की इंग्रजी पान अर्धे ओळखीचे होते.

पान वाचताना वाक्य कसे फोडायचे, तेही सांगते, कारण शब्द माहीत असूनही वाक्य निसटते ते रचनेमुळे. मराठीत आपण ‘विषातून वाचलेले मोजके कीटक’ असे म्हणतो. कीटक कसे, ते आधी येते आणि कीटक नंतर. इंग्रजी नेमके उलट करते : आधी ‘कीटक’, मग ‘दॅट’, मग ते कसे. परिणामी कर्ता आणि त्याचे क्रियापद यांच्यामध्ये आणखी एक क्रियापद येऊन बसते, आणि मराठीची सवय असलेला वाचक त्या पहिल्याच क्रियापदावर वाक्य संपवतो. तूही तेच केलेस. ‘कीटक वाचतात’ येथे तुझे वाक्य संपले, आणि पुढचे सगळे ‘आणि’ लावून जोडले गेले. यावर उपाय असा : ‘दॅट’, ‘विच’ किंवा ‘हू’ दिसले की तेथे पेन्सिलीने कंस उघड, पुढचे क्रियापद ओलांड आणि त्यानंतरचे क्रियापद येण्यापूर्वी कंस बंद कर. कंसाबाहेर जे उरते तेवढेच एकदा वाच : ‘द फ्यू इन्सेक्ट्स मेट विथ वन अनदर.’ मग कंस उघडून पाहा. हे प्रत्येक वाक्यात बसणार नाही, कारण कधी ‘दॅट’ गाळलेले असते आणि कधी त्याचे काम वेगळे असते, पण दहापैकी सात-आठ ठिकाणी तुझी सुटका होईल.

‘हाउएव्हर’, ‘ऑलदो’, ‘व्हेअरअ‍ॅज’, ‘अनलेस’, ‘हेन्स’ हे छोटे शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. ‘हार्डली’ही त्यातच घे, ‘हार्डली एनी रेन’ म्हणजे जोराचा पाऊस असे लिहिणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहिले, आणि प्रत्यक्षात त्याचा अर्थ जवळजवळ पाऊसच नाही असा आहे. वाक्यातील एखादे नाम चुकले तर एक गोष्ट चुकते. हे शब्द चुकले तर अर्थ उलटा होतो.

मोबाइलवरील भाषांतर वापरू नकोस असे मी म्हणणार नाही, कारण तू ते वापरणारच. फक्त क्रम बदल. आधी परिच्छेद विनाथांबा वाच, अडलेल्या शब्दाखाली रेघ ओढ, परिच्छेदात काय असावे ते एका ओळीत स्वतः लिही, आणि मगच यंत्राला विचार. तुझी ओळ आणि यंत्राची ओळ जेथे वेगळी असेल तेथेच थांबून पाहा. कधी चूक तुझी असेल, कधी यंत्राची. एकेका शब्दाचा अर्थ विचारू नकोस, पूर्ण वाक्य विचार. आणि स्वतःला तपासण्यासाठी मोठ्याने वाचणे बंद कर. त्या वेळी सगळे लक्ष उच्चाराकडे जाते आणि अर्थ मागे राहतो.

वाचलेले कळले की नाही, याची माझ्या मते एकच खरी परीक्षा आहे : पुस्तक मिटवून ते दुसऱ्याला सांगणे, आणि तेही गोरमाटीत. हे मी तुझ्यावर दया म्हणून सांगत नाही. दुसऱ्या भाषेतील आकलन मोजताना वाचकाला त्याच्या स्वतःच्या भाषेत सांगायला लावणे ही संशोधनातही वापरली जाणारी पद्धत आहे, कारण इंग्रजीत सांगायला लावले की पुस्तकातील शब्द तसेच उचलून देता येतात. गोरमाटीत ते उचलता येत नाहीत. तेथे कळलेलेच सांगावे लागते. एस.टी.त तांड्यावरची आणखी एखादी मुलगी सोबत असेल तर एकीने पान सांगावे आणि दुसरीने शंका विचाराव्यात. शंकेचे उत्तर देता आले नाही, तर ती जागा तुला कळलेली नाही.

राहिले तुझे उरलेले प्रश्न. स्पोकन इंग्लिशचा क्लास बोलण्यासाठी असतो. तुझी अडचण वाचनाची आहे, तेव्हा बाबांपुढे फीचा विषय काढण्याची गरजच नाही. गाईड वाचलेस तरी चालेल, पण धड्याच्या आधी, नकाशा म्हणून. धड्याच्या जागी नव्हे. बी.ए.ला जाण्याच्या विचाराने मात्र मला थोडा राग आला, कारण मी आयुष्यभर बी.ए.च्याच वर्गांना शिकवले, आणि तेथे वाचन कमी लागते असा समज कोणी पसरवला हे मला कळत नाही. विषय आवडत नसेल तर बदल. वाचता येत नाही म्हणून बदलू नकोस.

वेळेबद्दल तू काही लिहिलेले नाहीस, तरी दिवाळीच्या सुमारास वेचणी आणि हिवाळी परीक्षा एकमेकींवर येतात हे मला ठाऊक आहे. त्या दिवसांत पंचवीस मिनिटे पुरेत : पंधरा मिनिटे बालभारतीचे पान, दहा मिनिटे सांगणे. वेचणी नसेल तेव्हा तासभर. दोन महिन्यांनी पुन्हा एका पानावरील पेन्सिलीचे अर्थ मोज आणि तो आकडा मला कळव.

आणि आज संध्याकाळी बाबांना ते वाक्य गोरमाटीत सांग. १२० ग्रॅमच्या पाकिटाचे त्यांनी त्या वर्षी काय केले होते, ते विचार. ते उलट तुला विचारतील की कडेच्या पाच ओळींनी सगळे वावर कसे काय राखले जाते. त्याचे उत्तर तुझ्या पुस्तकात त्याच धड्यात, बहुधा पुढच्याच परिच्छेदात असेल. तो परिच्छेद मोबाइल बाजूला ठेवून वाच.